किशोरवयीन सायकलपटूंना वाढायला वेळ द्या

मा. संपादक,
सादर नमस्कार.

रस्त्यावरील सायकल शर्यतींत चमकणाऱ्या किशोरवयीन मुलामुलींविषयी आपल्या क्रीडा पानावर अधूनमधून मजकूर येतो, याचा मला मनापासून आनंद वाटतो. मात्र त्या मजकुराचा रोख बहुधा एकाच गोष्टीकडे असतो, तो म्हणजे हा मुलगा किंवा ही मुलगी व्यावसायिक संघात किती लवकर पोहोचेल याकडे. या वयाच्या सायकलपटूंचा सराव घेणारी मार्गदर्शक म्हणून मला वाटते की, ही घाईच आज त्यांचे सर्वाधिक नुकसान करत आहे.

आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या, म्हणजे यूसीआयच्या वर्गवारीत १७ आणि १८ वर्षांचे सायकलपटू ज्युनियर गटात येतात आणि त्यानंतरची चार वर्षे २३ वर्षांखालील गटासाठी राखलेली असतात. ही चार वर्षे खेळ अंगात मुरण्यासाठी आहेत. एगन बर्नालने २०१७ मध्ये आणि तादेय पोगाचारने २०१८ मध्ये याच वयोगटाची ‘टूर द लाव्हेनीर’ जिंकली आणि त्यानंतर दोघांनीही अनुक्रमे २०१९ व २०२० मध्ये ‘टूर द फ्रान्स’ जिंकून दाखवली. पण २०१८ मध्ये इन्सब्रुक येथे रेम्को एव्हेनेपूलने ज्युनियर गटाची दोन्ही जागतिक विजेतेपदे (सामूहिक रस्ता शर्यत आणि एकट्याने घड्याळाशी झुंजायची टाइम ट्रायल) मिळवली आणि मधला टप्पा वगळून पुढच्याच वर्षी तो थेट सर्वोच्च स्तरावरील संघात दाखल झाला. तो तिथे यशस्वी झाला, हे खरे. पण तेव्हापासून संघांची नजर सतराव्या वर्षापर्यंत खाली आली, आणि अठराव्या वर्षी करार हाती नसला की आपले संपले, असे मुलांना वाटू लागले आहे. एका असामान्य मुलाची वाट सगळ्यांसाठी राजमार्ग मानणे मला चुकीचे वाटते.

सोळा ते अठरा या वयात दोन मुलांचे जन्मवर्ष एक असले तरी त्यांच्या शरीरांचे वय एक नसते. ज्याची वाढ लवकर पूर्ण झाली, तो चढावर सहज पुढे निघतो. ज्याची हाडे अजून लांब होत आहेत, तो मागे पडतो. दोन वर्षांनी हेच चित्र उलटू शकते, परंतु तोवर दुसऱ्याने सायकल सोडलेली असते. स्लोव्हेनियाचा सायकलपटू प्रिमोझ रोग्लिच विशीपर्यंत स्की जंपिंग करत होता. सायकल शर्यतींकडे तो त्यानंतर वळला आणि पुढे त्याने टोकियो ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक टाइम ट्रायलचे सुवर्णपदक मिळवले आणि चार वेळा ‘व्हुएल्टा’ ही स्पेनमधील तीन आठवड्यांची शर्यत जिंकली. अशी उदाहरणे थोडी आहेत, हे मान्य आहे. पण ती मुलांच्या कानावर फारशी जातच नाहीत.

सर्वांत अधिक काळजी वाटते ती वजनाची. चढावरची गती मुख्यतः दर किलो वजनामागे किती वॉट ताकद लावता येते यावर ठरते, आणि ही ताकद मोजणारे पॉवर मीटर आता ज्युनियर मुलांच्या सायकलींवरही असल्यामुळे हा भागाकार त्यांना तोंडपाठ असतो. वॉट वाढवायला वर्षे लागतात, वजन मात्र काही आठवड्यांत उतरवता येते. मग मुलगा पहाटे वजनकाट्यावर उभा राहतो, आकडा मोबाइलमध्ये नोंदवतो, चार तासांच्या सरावाहून परतल्यावर भूक नाही असे सांगून ताट अर्धवट ठेवतो, आणि घरचे त्यालाच शिस्त समजून त्याचे कौतुक करतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ पासून या अवस्थेला ‘रेड-एस’ (खेळातील सापेक्ष ऊर्जा-कमतरता) हे नाव दिले आहे. शरीराला खर्चाच्या मानाने पुरेशी ऊर्जा मिळाली नाही, तर संप्रेरकांचे कार्य बिघडते, मुलींची पाळी थांबते, आजारपणे वाढतात आणि हाडे ठिसूळ होतात. सायकल चालवताना शरीराचा भार हाडांवर पडत नसल्यामुळे हाडांच्या घनतेचा प्रश्न या खेळात मुळातच आहे, आणि ती घनता कमावण्याचे वय नेमके हेच आहे. म्हणून पाळी थांबणे, वारंवार आजारी पडणे किंवा सरावातून नीट न सावरणे ही लक्षणे दिसताच क्रीडावैद्यकाचा सल्ला घ्यावा. त्या काळात शर्यत चुकली तरी बिघडत नाही.

ज्युनियर गटासाठी गियरची मर्यादा होती, ती २०२३ पासून उठवण्यात आली. पूर्वी पेडलच्या एका पूर्ण फेरीत सायकल ७.९३ मीटरहून पुढे जाऊ नये, असा नियम होता. तो गेला तरी हलक्या गियरवर जलद पेडल फिरवण्याची सवय आधी लावावी, असे माझे ठाम मत आहे.

यापेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे ते घोळक्यात सायकल चालवण्याचे कौशल्य. पुढच्याच्या आडोशाला राहिल्याने बरीच शक्ती वाचते, हे प्रत्येकाला ठाऊक असते. पण त्याच्या चाकावर डोळे न खिळवता खांद्यांवरून पुढे पाहणे, आपले पुढचे चाक त्याच्या मागच्या चाकाला बाजूने भिडू न देणे, आडवा वारा सुटला की तिरक्या रांगेत जागा मिळवणे, ओल्या उतारावर वळणाच्या आधीच ब्रेक लावून वळणाच्या बाहेरच्या बाजूचे पेडल खाली ठेवणे, या गोष्टी वॉटच्या आकड्यांत दिसत नाहीत आणि त्या अंगवळणी पडायला अनेक मोसम जातात. ताकद भरपूर आणि हे कौशल्य अपुरे, अशा अवस्थेत मुलाला मोठ्यांच्या घोळक्यात सोडणे धोक्याचे आहे. अर्थात, कौशल्य असूनही अपघात होतात, म्हणून आयोजकांची जबाबदारी तितकीच मोठी आहे. २६ सप्टेंबर २०२४ रोजी झुरिच येथील जागतिक स्पर्धेत ज्युनियर मुलींच्या शर्यतीत १८ वर्षांची स्विस सायकलपटू म्युरिएल फुरर पडली आणि दुसऱ्या दिवशी तिचा मृत्यू झाला. ती पडल्याचे बराच वेळ कोणाच्या लक्षातही आले नव्हते. पुढच्या वर्षी किगाली येथील जागतिक स्पर्धेत सायकलपटूंचे स्थान सतत दाखवणारी जीपीएस यंत्रणा वापरण्यात आली. ही सोय केवळ मोठ्या स्पर्धांपुरती न राहता, जिथे अल्पवयीन मुले धावतात अशा प्रत्येक शर्यतीत असायला हवी.

कराराचा मोह समजण्याजोगा आहे. तरीही पालकांनी हे जाणून घ्यावे की, पुरुषांच्या वरच्या दोन स्तरांवरील संघांना किमान वेतनाचा नियम लागू आहे आणि महिलांच्या सर्वोच्च, म्हणजे वर्ल्डटूर स्तरावरील संघांना तो २०२० पासून आहे. त्याखालच्या कॉन्टिनेन्टल स्तरावर मात्र असे आंतरराष्ट्रीय बंधन नाही. म्हणून सही करण्यापूर्वी वेतन, विमा, दुखापतीच्या काळातील उपचारांचा खर्च आणि शिक्षण चालू ठेवण्याची मुभा, हे सारे लेखी मागून घ्यावे. शाळा सोडून पूर्णवेळ सरावाला लागलेल्या मुलाला एका पडण्याने हाड मोडले, तर त्या रिकाम्या महिन्यांत हाती धरायला दुसरे काहीच उरत नाही.

आपणांस विनंती आहे की, यापुढे या वयाच्या सायकलपटूची मुलाखत घेताना त्याच्या पदकांबरोबरच त्याचे खाणे, झोप, शाळा आणि मागच्या मोसमातील दुखापती यांविषयीही विचारावे, आणि त्याला ‘भावी विजेता’ ठरवणारा मथळा टाळावा. असे मथळे मुले जपून ठेवतात आणि पुढच्या प्रत्येक शर्यतीत त्यांचे ओझे सोबत नेतात, हे मी जवळून पाहत असते.

आपली विश्वासू,
किशोरवयीन सायकलपटूंची एक मार्गदर्शक