दिवाळखोरीने पाटी कोरी होत नाही

रविवारच्या पुरवणीत कर्जबाजारी आंबा बागायतदारांना दिवाळखोरीचा अर्ज करायला सुचवणारा लेख वाचला. २०१६च्या दिवाळखोरी संहितेतील वैयक्तिक दिवाळखोरीच्या तरतुदी अजून कंपन्यांच्या जामीनदारांपुरत्याच लागू आहेत. आम्हा कोकणवासीयांना १९२०चा जुना प्रांतिक दिवाळखोरी कायदाच! शिवाय देणे सुटले तरी पतअहवालातली, म्हणजे आपल्या कर्जफेडीचा इतिहास बँकांना दाखवणाऱ्या अहवालातली, नोंद लगेच सुटत नाही. माझ्या शेजाऱ्याने होडीचे कर्ज तडजोडीत, म्हणजे देण्यापेक्षा कमी रक्कम भरून, मिटवले, बँकेचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपला. चार वर्षांनी इंजिनासाठी कर्ज मागायला गेला, तर अहवालात 'सेटल्ड' हा शेरा तसाच. अर्ज परत आला. फेडलेले आणि मिटवलेले कर्ज बँकेच्या लेखी एक नसते, हे लेखात एका ओळीत तरी यायला हवे होते.

– एक बागायतदार, देवगड