‘डॅनी’च्या विश्वस्तांना एक आभारपत्र

इंग्लंडमधल्या ‘डॅनियल ॲडमसन’ ऊर्फ ‘डॅनी’ या आगबोटीचे सर्व विश्वस्त आणि स्वयंसेवक यांस,

सप्रेम नमस्कार.

माझ्या वडिलांना तुम्ही बोटीच्या बॉयलरजवळ जाऊ दिलंत, त्याबद्दल सर्वांत आधी मनापासून आभार. हे आभार एवढे मोठे का, ते सांगायला पुढचं पत्र. मराठीत लिहितोय, कारण आम्ही ज्या गिरणगावातून आलो तिथल्या माणसांना तुमचं काम कळायला हवं. यातला शब्द न् शब्द तुम्हाला मी इंग्रजीतून वाचून दाखवीनच.

वडील लालबागच्या एका कापड गिरणीत बॉयलर अटेंडंट होते, परीक्षा देऊन सर्टिफिकेट मिळवलेले. त्या परीक्षेसाठी ‘ॲडमसन जॉइंट’ त्यांनी पाठ केला होता आणि आजही तो त्यांना तोंडपाठ आहे. बॉयलरच्या आत भट्टीची जी मोठी नळी असते ती अखंड करायची नाही, आखूड तुकड्यांत करायची. प्रत्येक तुकड्याची कड बाहेर वळवायची आणि त्या कडा एकमेकींना रिव्हेटनं जोडायच्या. म्हणजे रिव्हेट ज्वाळेच्या वाटेत येत नाहीत, नळीला बळकटी येते आणि तापून लांबायला थोडी जागाही मिळते. गिरण्यांच्या लँकेशायर बॉयलरांमध्ये हाच जोड असे. तो शोधणारा डॅनियल ॲडमसन म्हणजे तुमच्या बोटीला ज्याचं नाव दिलंय तोच, हे मी सांगितलं तेव्हा वडील गप्पच झाले. मग म्हणाले, “मला ती बोट बघायचीय.”

मुंबईच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. १८६०च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबई बंदरातून लिव्हरपूलकडे धावला. लिव्हरपूलहून मँचेस्टरपर्यंत माल न्यायचा तर बंदराचे आणि रेल्वेचे दर सोसावे लागत, आणि ते मँचेस्टरवाल्यांना फार जाचत. २७ जून १८८२ रोजी ॲडमसननी मँचेस्टरजवळच्या डिड्सबरीतल्या आपल्या घरी बैठक बोलावली आणि समुद्रावरची जहाजं थेट मँचेस्टरला आणणारा कालवा खोदायचं तिथं ठरलं. ३६ मैलांचा तो कालवा १८९४ साली खुला झाला. ॲडमसन त्याआधीच, १८९० साली वारले होते.

बोट त्यानंतरची, १९०३ सालची, बर्कनहेडच्या बाजूला ट्रॅनमियरला बांधलेली. पहिलं नाव ‘राल्फ ब्रॉकलबँक’. एल्समिअर पोर्टहून लिव्हरपूलकडे मालाचे बार्ज (सपाट तळाच्या बोटी) ओढायचे आणि जोडीला उतारूही न्यायचे, हे तिचं काम. पुढे ती कालवा कंपनीकडे आली. १९३६ साली आर्ट डेको या त्या काळच्या सजावटशैलीतली देखणी दालनं बांधून कंपनीनं ती संचालकांसाठी आणि पाहुण्यांसाठी सजवली, आणि तेव्हाच तिला ॲडमसन यांचं नाव मिळालं. तुम्ही सगळे तिला लाडानं ‘डॅनी’ म्हणता, आता आम्हीही म्हणतो.

१९८४ साली ती थांबली. एल्समिअर पोर्टच्या संग्रहालयात उभी राहिली, गंजली, टवाळखोरांनी तिची नासधूसही केली. २००४ साली ती भंगारात निघणार हे ठरल्यातच जमा होतं. तेव्हा डॅन क्रॉस या टगबोटीच्या (दुसरी जहाजं ओढणाऱ्या बोटीच्या) कप्तानानं ती एका पौंडाला विकत घेतली. एका पौंडात बोट मिळते, पण तिच्याबरोबर गळकं डेक, गंजलेल्या प्लेटा, धक्क्याचं भाडं आणि विम्याचा हप्ताही मिळतो. ते सगळं तुम्ही अंगावर घेतलंत, म्हणून मला इथे सर्वांत जास्त तुमच्याबद्दल लिहायचंय.

गंज खरवडणाऱ्या माणसाचा फोटो निघतो. विश्वस्ताचा निघत नाही. मंगळवारी रात्री हिशेबाचे कागद पसरून बसायचं, अनुदानाचा अर्ज फेटाळला गेला की नव्यानं लिहायचा, प्रवासी नेण्याच्या परवान्यासाठी तपासणीच्या फेऱ्या निभवायच्या, बॉयलरचा अहवाल येईपर्यंत जीव मुठीत धरायचा. पगार शून्य, आणि काही बिनसलं तर कायद्यानं जबाबदार तुम्हीच. दिवसाची नोकरी सांभाळून, कुणी निवृत्तीनंतरची वर्षं देऊन, तुम्ही हे करत आलात. २०१५ साली ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीच्या वारसा निधीतून ३८ लाख पौंड मंजूर झाले ते सगळ्यांनी वाचलं. त्याआधीची दहा-अकरा वर्षं पैसा नसताना ही बोट पाण्यावर धरून ठेवणारे हात मात्र कुठेच छापून आले नाहीत. स्वयंसेवकांच्या कामाचे तास तोवर लाखाच्या पुढे गेले होते. कॅमेल लेअर्ड या जहाजबांधणी कंपनीच्या गोदीत तिचं काम झालं, आणि २०१६ साली ती पुन्हा आपल्या वाफेवर निघाली.

आमच्याकडे काय झालं तेही तुम्हाला कळायला हवं. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले हजारो परत आत गेलेच नाहीत. गिरण्या बंद पडत गेल्या, जमिनींवर टॉवर आणि मॉल आले, यंत्रं किलोच्या भावानं विकली गेली. वडिलांचा बॉयलर गॅस कटरनं तुकडे करून ट्रकमध्ये भरला गेला. त्यावर त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षं काढली होती. एखादं यंत्र चालू स्थितीत ठेवावं, ते चालवणाऱ्या माणसाची विद्या पुढच्याला द्यावी, असं म्हणणारं मंडळ आम्हाला मिळालं नाही. त्याची खंत मला आहे आणि ती मी लपवणार नाही.

म्हणूनच तुमच्या बोटीवर जे पाहिलं त्याचं मोल फार वाटतं. तिथे कोळसा टाकणारी एक तरुण मुलगी होती, ही विद्या तिला तुमच्याच एका म्हाताऱ्या स्वयंसेवकानं शिकवलेली. वडिलांनी भट्टीतल्या आगीकडे बघितलं आणि म्हणाले, मागच्या कोपऱ्यात थर पातळ पडलाय, तिथून थंड हवा आत शिरतेय. मी भाषांतर करेपर्यंत तिनं फावडं तिकडे वळवलंही होतं. त्यानंतर त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी वडिलांना बाजूला बसवून वाफेचा दाब, पाण्याची पातळी, राख कधी ओढायची, सगळं विचारलं आणि वहीत उतरवून घेतलं. पाहुणा म्हणून बाजूला उभं न करता तुम्ही त्यांना त्या कामातला जाणकार मानलंत. संपानंतर त्यांना त्यांच्या कामातलं असं काही कुणी विचारलं नव्हतं.

गंज काढणारे, कोळसा टाकणारे, चहा देणारे, तिकिटं फाडणारे, आणि ज्यांचे शनिवार-रविवार या बोटीनं नेले ती तुमची घरची माणसं, या सगळ्यांचे आभार. वडिलांच्या परीक्षेच्या वहीची प्रत मी तुमच्या संग्रहासाठी पाठवत आहे. मराठी मजकुराखाली इंग्रजी अर्थ लिहिलाय. सभासदत्वाचा फॉर्मही भरला आहे. हिशेब तपासण्याचं काम मला येतं, हाक मारा.

आपला कृतज्ञ,
लालबागचा एक रहिवासी, सध्या मुक्काम मँचेस्टर