रिपोर्ट तयार असतो, पेशंट निघून गेलेला असतो

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात दर दोन-तीन महिन्यांनी एक बातमी असतेच, की अमुक संस्थेने कागदाच्या पट्टीवर अर्ध्या तासात तमुक आजार ओळखणारी टेस्ट शोधली आणि आता ती गोरगरिबांपर्यंत पोचणार. मी ती बातमी आवडीने वाचतो, कात्रणंसुद्धा ठेवतो, पण एकाही बातमीचा पुढचा भाग मला वाचायला मिळालेला नाही, म्हणजे ती पट्टी पुढे कोणाच्या हातात पडली की लॅबमध्येच राहिली ते. म्हणून हे पत्र. लांबलंय जरा, कापलंत तरी चालेल.

मी लॅब टेक्निशियन होतो, आता रिटायर. नोकरीची बरीच वर्षं बेडक्याच्या स्लाईड बघण्यात गेली. काचपट्टीवर बेडका पसरायचा, गरम करून लाल रंग चढवायचा, ॲसिडने धुवायचं, वरून निळा द्यायचा आणि मग मायक्रोस्कोपला डोळा लावून निळ्यात लाल काड्या शोधत बसायचं, एकेका स्लाईडचे शंभर शंभर फिल्ड, फिल्ड म्हणजे एका वेळी डोळ्याला दिसतो तेवढा भाग. रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ ला टीबीचा जंतू जगाला सांगितला, तेव्हापासून रंग देऊन डोळ्याने शोधायची पद्धत मूळची तीच आहे. तिची अडचण अशी की एक मिलिलिटर बेडक्यात पाच-दहा हजार जंतू असतील तेव्हा कुठे ते दिसतात, त्याहून कमी असले की आम्ही अगदी प्रामाणिकपणे निगेटिव्ह लिहून मोकळे.

पण मला जास्त टोचायचं ते वेगळंच. पेशंटने आज बेडका द्यायचा, उद्या सकाळचा परत आणून द्यायचा आणि रिपोर्टला पुन्हा यायचं. ज्याचं पोट रोजंदारीवर आहे त्याला ह्या तीन खेपा म्हणजे तीन दिवसांची मजुरी गेली, वर येण्याजाण्याचा खर्च वेगळा, तो कशाला येतोय. ट्रेमध्ये पॉझिटिव्ह रिपोर्ट पडून राहायचे, नाव असायचं, पत्ता अर्धवट. एकदा एक बाई नवऱ्याचा रिपोर्ट न्यायला दीड महिन्याने आली आणि माझ्याशी बोलताना तीच खोकत होती. तेव्हापासून कुठल्याही नव्या टेस्टबद्दल ऐकलं की मी पहिला प्रश्न हाच विचारतो, की माणूस पहिल्या खेपेला आला आणि घरी जायच्या आत त्याला उत्तर आणि गोळी मिळणार का? ती टेस्ट किती हुशार आहे ते मग बघू.

ह्या हिशोबाने बघितलं तर बायोटेक्नॉलॉजीने कमाल केलीय, त्यात वाद नाही. डीएनएच्या एका तुकड्याच्या कोट्यवधी कॉप्या काढायची पीसीआर ही युक्ती १९८३ मधली, कॅरी मलिसची, त्याला नोबेलही मिळालं. ती एका बंद काडतुसात, म्हणजे कार्ट्रिजमध्ये, बसवून टीबीचं जे मशिन आलं त्याला डब्ल्यूएचओने डिसेंबर २०१० मध्ये मान्यता दिली. बेडक्यात औषधाचं पाणी मिसळून काडतुसात भरा, मशिनमध्ये ठेवा, दोन तासांच्या आत उत्तर, शिवाय रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल की नाही तेही त्याच टेस्टमध्ये, ज्याला आधी कल्चर लावून, म्हणजे जंतू वाढवून बघण्यात, आठवडेच्या आठवडे जायचे. लहान पोरांना बेडका काढता येत नाही तर त्यांच्या शौचाचा नमुनासुद्धा चालतो. शंभर फिल्ड मोजणाऱ्या माणसाला हे बघून काय वाटलं असेल विचार करा.

आणि तरीही, डब्ल्यूएचओचाच आकडा आहे, २०२३ मध्ये जगात अंदाजे १ कोटी ८ लाख लोकांना नव्याने टीबी झाला, त्यातल्या ८२ लाखांचं निदान झालं आणि ह्या निदान झालेल्यांतही पहिली तपासणी अशा झटपट मॉलिक्युलर टेस्टने झाली ती ४८ टक्क्यांची. म्हणजे मान्यता मिळून तेरा वर्षं झाली तरी निम्म्याहून कमी. बाकीचे अजून माझ्यासारख्याच कोणाच्या तरी मायक्रोस्कोपखाली किंवा नुसत्या एक्स-रेवर आणि डॉक्टरच्या अंदाजावर.

कारणं शोधायला लांब जायला नको. मशिनला स्थिर वीज लागते, खोली ३० अंशांच्या आत लागते, वर्षातून एकदा कॅलिब्रेशन लागतं आणि एखादं मॉड्यूल बिघडलं की इंजिनिअर येईपर्यंत ते नुसतं शोभेला. काडतूस एकाच कंपनीचं, त्यामुळे भावही तिचाच. गरीब देशांसाठी २०१२ पासून ते साधारण १० डॉलरला मिळायचं, उत्पादनखर्च ५ डॉलरच्या आत बसतो असा हिशोब एमएसएफ ह्या डॉक्टरांच्या सेवाभावी संस्थेने २०१९ मध्ये मांडला, त्यावरून बराच गदारोळ झाला आणि २०२३ मध्ये भाव ८ च्या आसपास आला. एक काडतूस म्हणजे एक पेशंट, हे लक्षात घेतलं की दोन डॉलर किती मोठे ते कळतं. बॅटरीवर चालणारं मशिनही आहे, ट्रूनॅट, गोव्याच्या मोलबायोचं, त्याला २०२० मध्ये डब्ल्यूएचओची मान्यता मिळाली, एसी नसलेल्या केंद्रासाठी ते जास्त सोयीचं. हाताने करायच्या पायऱ्या मात्र त्यात जास्त आहेत, सवयीचा माणूस लागतो.

आता थोडं कडू सांगतो. मशिन पेशंटच्या जवळ नेलं की मृत्यू आपोआप कमी होतात असंही नाही. दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे, झांबिया आणि टांझानियात ते आधीचं काडतुसाचं मशिन प्राथमिक केंद्रातल्या नर्सच्या हातात देऊन बघितलं, २०१४ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. नर्सनी टेस्ट व्यवस्थित केल्या, त्याच दिवशी औषध सुरू होणाऱ्यांची संख्या वाढली, पण पुढे काही महिन्यांनी पेशंटच्या तब्येतीत म्हणावा तसा फरक दिसला नाही, कारण डॉक्टर आधीही लक्षणं बघून अंदाजाने औषध देतच होते. काही लोक ह्यावरून मशिन फुकट असं म्हणतात ते मला पटत नाही, अंदाजाने औषध देण्यात टीबी नसलेला माणूसही सहा महिने गोळ्या खातो ते कोण मोजणार? पण मशिन ठेवलं की काम झालं असं समजणाऱ्यांनी हा निकाल जरूर वाचावा.

उलटं उदाहरण आपल्याकडचं आहे आणि ते मला फार आवडतं. उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, तिथे ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायकांचा अभ्यास झाला, २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी एका गटाची, हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूचा डीएनए शोधणारी टेस्ट केली, आयुष्यात फक्त एकदाच, आणि आठ वर्षांत त्या गटात ह्या कॅन्सरने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे झाले. पॅप स्मिअरने, म्हणजे तिथल्या पेशी काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघण्याने, तसा ठळक फरक पडला नाही. मला ह्यातलं एकदाच हे महत्त्वाचं वाटतं, कारण परत बोलवायची गरजच कमी केली. आता तर ह्या टेस्टचा नमुना बाईला स्वतःच घेता येतो, पडद्यामागे टेबलावर झोपायचं नाही, संकोच नाही.

पट्टीवाल्या टेस्टबद्दलही लिहितो नाहीतर तुम्ही म्हणाल मशिनचाच माणूस आहे. मलेरियाची पट्टी म्हणजे बोटातून एक थेंब रक्त, पंधरा-वीस मिनिटं, दोन रेघा, वीज नको काही नको. तिच्यात काम करतात त्या मोनोक्लोनल अँटिबॉडी, म्हणजे ठरलेल्या एकाच प्रथिनाला नेमक्या चिकटणाऱ्या, १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टीन ह्यांनी त्या बनवायची पद्धत काढली आणि पेटंट घेतलं नाही, त्या पेटंट न घेण्याचे उपकार आपण आजही वापरतोय. पण जंतूही हुशार असतो. फॅल्सिपॅरम ह्या सगळ्यात घातक मलेरियाच्या बहुतेक पट्ट्या एचआरपी-२ नावाचं एकच प्रथिन शोधतात, आणि ते प्रथिन बनवणारं जनुकच गायब असलेले जंतू आधी पेरूमध्ये सापडले, मग एरिट्रियासारख्या ठिकाणीही. पेशंट तापाने फणफणलेला आणि पट्टी म्हणते काही नाही! ह्यामुळे चुकणारे रिपोर्ट ५ टक्क्यांच्या वर गेले तर पट्टी बदला असा डब्ल्यूएचओचा सल्ला आहे, पण ५ टक्के झाले हे कळायला कोणीतरी मागे लॅबमध्ये पीसीआर करत बसलेलं पाहिजे ना. तेव्हा पट्टी आली की लॅब बंद करा असं होत नाही.

क्रिस्परच्या, म्हणजे ठरावीक जनुक नेमकं हुडकणाऱ्या तंत्राच्या, पट्ट्याही आल्या, कोविडच्या वेळी दिल्लीच्या आयजीआयबी ह्या संशोधन संस्थेची फेलुदा टेस्ट सगळ्यांना माहीत झाली होती, नंतर तिच्यावर काही वाचलेलं मला आठवत नाही. खरं सांगू का, मला क्रिस्परपेक्षा जास्त कौतुक त्या लोकांचं वाटतं जे टेस्टमध्ये लागणारं एन्झाईम सुकवून त्याची पावडर करतात. एन्झाईम फ्रिजबाहेर मरतं आणि आमच्याकडे फ्रिज म्हणजे लस, रक्त, कधी कोणाचा डबा, सगळं एकत्र, त्यात लाईट गेली की संपलं. पावडर मात्र कपाटात टिकते, पाणी घातलं की कामाला लागते. ह्यावर बातमी येत नाही, कारण फोटोत दाखवण्यासारखं त्यात काही नाही.

तर विनंती एवढीच आहे. पुढच्या वेळी नव्या टेस्टची बातमी छापाल तेव्हा त्या शास्त्रज्ञांना विचारा की ही किती गरमीत टिकते आणि पॉझिटिव्ह आलेल्याला त्याच दिवशी औषध कोण देणार, आणि एका वर्षाने त्यांना परत फोन करा. काय उत्तर मिळेल ते आतल्या पानावर दोन ओळींत टाका. माझ्याकडच्या कात्रणांच्या तारखा हव्या असतील तर पाठवतो.

आपला,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन