संकल्पचित्रासोबत छेदही छापावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत निसर्गातील आकारांवरून सुचलेल्या वास्तूंची आणि उद्यानांची संकल्पचित्रे नुकतीच प्रसिद्ध झाली. शिंपल्यासारखे सभागृह, लाटेसारखे छत, पानाच्या शिरांप्रमाणे फाटे फुटलेल्या पायवाटा ही सारी चित्रे देखणी होती, हे आधीच मान्य करतो. मात्र अनेक वर्षे वास्तुरेखाटन शिकवल्यामुळे असेल, त्यांतल्या एकाही चित्रासोबत इमारतीचा छेद, म्हणजे इमारत उभी कापली तर आतून कशी दिसेल ते दाखवणारे रेखाचित्र, दिलेला नव्हता, ही गोष्ट मला खटकली. शिंपला दिसतो तो आकाशातून पाहणाऱ्याला. आत बसणाऱ्या माणसाकडे वारा कुठून येणार आणि छतावरचे पावसाचे पाणी कुठे उतरणार, हे छेद पाहिल्याशिवाय कळत नाही.

अहमदाबादची ‘गुफा’ हे चित्रदालन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मूळचे पुण्याचे वास्तुकार बाळकृष्ण दोशी यांनी ही गुफा चित्रकार एम. एफ. हुसेन यांच्या चित्रांसाठी १९९० च्या दशकात बांधली. जमिनीत अर्धवट रुतलेले तिचे घुमट कासवाच्या पाठीसारखे दिसतात, पण ते केवळ दिसण्यापुरते नव्हे. फेरोसिमेंटचे, म्हणजे लोखंडी जाळीवर सिमेंट लिंपून केलेले, ते कवच जेमतेम इंचभर जाडीचे आहे आणि ते उभे राहते ते त्याच्या बाकामुळेच. तेच छत सपाट केले असते तर एवढ्या जाडीत टिकले नसते. वर बसवलेले चिनी मातीचे पांढरे तुकडे ऊन परतवतात आणि आजूबाजूची माती आत गारवा राखते. कासवाकडून इथे आकाराबरोबर त्याची युक्तीही घेतलेली आहे. दिल्लीच्या कमळ मंदिराच्या (१९८६) २७ पाकळ्यांचे कौतुक सगळेच करतात. भोवतालच्या नऊ तळ्यांवरून गार झालेली हवा खालून आत येते आणि तापलेली हवा माथ्यातून निघून जाते, याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.

अर्थात निसर्गाचे वाचन चुकूही शकते. झिम्बाब्वेतील हरारे येथील ईस्टगेट ही इमारत वाळवीच्या वारुळावरून सुचली. रात्रीची गार हवा आत खेळवून दिवसा तिचा उपयोग करण्याची तिची पद्धत यशस्वी ठरली. मात्र वारुळातील हवा त्या वेळी समजले जात होते तशी खेळत नाही, असे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिले. तरीही इमारत चालते, कारण वास्तुकार मिक पिअर्स यांनी विचार केला तो हवेचा, वारुळाच्या बाह्यरूपाचा नव्हे.

आता आमच्याकडचे सांगतो. आमच्या गावच्या उद्यानात सिमेंटच्या तीन भूछत्र्या आहेत, तांबड्या रंगाच्या, वर पांढरे ठिपके. खऱ्या भूछत्रीची टोपी उतरती असते; यांची मधोमध किंचित खोलगट झाली आहे, त्यामुळे पावसाळ्यात तिथे पाणी साचते, खालून ठिबकते आणि कडेची सळई गंजून उघडी पडली आहे. शेजारचे कठडे झाडाच्या खोडासारखे, तेही सिमेंटचेच, सालीच्या रेघांसह तपकिरी रंगवलेले. हे सारे उभारताना बागेतून वाहणारा खराखुरा ओढा मात्र नळात घालून वर फरशी टाकण्यात आली. गेल्या पावसाळ्यात पाणी जुन्याच वाटेने आले आणि घसरगुंडीच्या पायथ्याशी गुडघाभर साचले. त्या जागेचा समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडून चढउतार दाखवणारा, नकाशा कोणी आधी पाहिला असता, तर पायवाटांना हवे असलेले वळण ओढ्यानेच आयते दिले असते.

म्हणून विनंती अशी की, पुढच्या वेळी अशी संकल्पचित्रे छापताना प्रत्येकासोबत एक छेद, जागेचे चढउतार आणि ओढेनाले दाखवणारा नकाशा, तसेच उत्तर दिशेचा बाण द्यावा. जागा कमी पडत असेल, तर रंगीत चित्र थोडे लहान केले तरी चालेल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक