कॉम्प्रेसर बंद न करणाऱ्या सरांना

सर, नमस्कार.

फोन केला असता तर तुम्ही "अरे वा, छान झालं" म्हणून दोन मिनिटांत ठेवून दिला असता आणि मला जे बोलायचंय ते तसंच राहिलं असतं, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. तुमचं नाव टाकत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. भोसरीच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये तुमच्या हाताखाली जे शिकलेत ते ओळखतीलच.

मला चाकणला नोकरी लागली. पॅकेजिंग लाईनचं मेंटेनन्स. इंटरव्ह्यूत प्रश्न फारसे विचारलेच नाहीत, सरळ एका टेस्ट पॅनलपुढे उभं केलं, मल्टिमीटर दिला आणि म्हणाले, सिलिंडर (हवेच्या दाबाने ज्याचा दांडा आत-बाहेर होतो तो) बाहेर जातोय पण परत येत नाहीये, बघा काय ते. माझ्याबरोबरच्या मुलाने आधी प्रोग्रॅम उघडायला मागितला. मी त्याला हवा देणाऱ्या व्हॉल्व्हच्या दोन्ही कॉइलवरचे एलईडी बघितले, एक कॉइल बाहेर जायची, एक आत यायची. दोन्ही पेटलेले. तिथून मागे गेले तर एका लिमिट स्विचचा (सिलिंडर टोकाला पोचला हे सांगणारा स्विच) रोलर दाबलेला अडकून बसला होता. समोरचे साहेब म्हणाले, कुठे शिकलात? मी तुमच्या सेंटरचं नाव सांगितलं, कॉलेजचं नाही सांगितलं, आणि सांगावंसं वाटलंही नाही.

आता कॉलेजबद्दल बोलतेच. बाहेर मोठ्ठा बोर्ड होता, मेकॅट्रॉनिक्स लॅब. आत कपाटात ट्रेनर किट, त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर, कपाटाला कुलूप आणि चावी ज्यांच्याकडे ते कायम मीटिंगमध्ये. इन्स्पेक्शनला कमिटी आली की कव्हर निघायचं, गेली की परत चढायचं. प्रॅक्टिकल म्हणजे अख्खी बॅच एका टेबलाभोवती, मागे उभ्या असलेल्यांना पुढच्यांची डोकी दिसायची, आणि सारखं एकच, महागाचं आहे हात लावू नका. रीडिंग सीनियरच्या जर्नलमधून उतरवायचे. 5/2 व्हॉल्व्ह (हवेची पाच तोंडं, दोन स्थिती) मी पेन्सिलने इतक्या वेळा काढलाय की झोपेतही काढेन, पण तो हातात घेतला की केवढा जड लागतो, कॉइलला 24 व्होल्ट मिळाले की आतला स्पूल, म्हणजे हवेची वाट बदलणारी दांडी, सरकताना कसा टक् आवाज येतो हे माहीत नव्हतं. माझ्या वडिलांचं बार्शीत छोटं दुकान आहे, त्यांनी फी भरताना कधी आज देतो उद्या देतो केलं नाही. त्या पैशात लॅबचेही पैसे होते. मला अजून राग येतो सर, आणि तो यायलाच पाहिजे असं मला वाटतं. पोरांनी हात लावायचाच नसेल तर ती वस्तू विकत घेतली कोणासाठी?

तुमच्याकडे पहिल्याच दिवशी तुम्ही आम्हाला नळी कापायला बसवलं होतं. 6 मिलिमीटरची निळी नळी. आम्ही एवढे इंजिनिअर, थोडं कसंतरीच वाटलं. मग तुम्ही एक नळी ब्लेडने तिरकी कापलीत, फिटिंगमध्ये घुसवलीत, हवा सोडलीत आणि माझा तळहात तिथे धरायला लावलात. बारीक फुंकर लागत होती. म्हणालात, रात्रभर प्लांटमध्ये अशा शंभर जागी हवा जाते आणि कॉम्प्रेसर उगाच चालत राहतो, बिल कोण भरतो? तेव्हापासून मी कटरशिवाय नळी कापलेली नाही. तसंच इमर्जन्सी स्टॉपचं. तो एनसीच (नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे एरवी सर्किट जोडलेलं ठेवणारा) का घ्यायचा हे पुस्तकात एका ओळीत होतं, तुम्ही चालू मशीनची ती वायरच काढून दाखवलीत, मशीन जागेवर थांबलं. वायर तुटली तरी माणूस वाचला पाहिजे, एवढंच बोललात. सेन्सरचं माप कळवणारा 4 ते 20 मिलिअँपिअर सिग्नल शून्यापासून का सुरू होत नाही हेही मला त्याच दिवशी आपोआप कळलं. शून्य आलं म्हणजे वायर तुटलीय, माप शून्य आहे असं नाही.

पण मला आभार मानायचेत ते त्या एका संध्याकाळचे. तुम्हाला कदाचित आठवणारही नाही.

आम्हाला ए आणि बी अशा दोन सिलिंडरचा, ए बाहेर, बी बाहेर, बी आत, ए आत असा सीक्वेन्स रिलेवर (विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचवर) करायचा होता. कागदावर माझा बरोबर होता. बेंचवर ए बाहेर यायचा, बी बाहेर यायचा आणि बी तिथेच अडकायचा. साडेपाचला लॅब बंद होते, सगळे गेले, तुम्ही नेहमीप्रमाणे कॉम्प्रेसर बंद करून हवा सोडायला गेलात. स्विचवर हात ठेवलात, माझ्या बेंचकडे बघितलंत, आणि हात काढून घेतलात. एक स्टूल ओढलंत आणि कोपऱ्यात बसून डब्यातले फेरूल (वायरच्या टोकावर दाबायच्या टोप्या) रंगाप्रमाणे वेगळे करायला लागलात. बस. "झालं का?" नाही, "राहू दे उद्या कर" नाही, उठून येऊन उत्तरही सांगितलं नाहीत, जे सांगायला तुम्हाला अर्धं मिनिट लागलं असतं. घरून फोन आला तर "येतो, जरा काम आहे" म्हणालात. ते जरा काम म्हणजे मी होते.

कॉम्प्रेसर मधेच सुरू व्हायचा, टाकी भरली की थांबायचा, आणि मला कळत होतं की हवा माझ्यासाठी आहे. शेवटी एलईडी दिसले, दोन्ही कॉइल एकदम चालू. ए बाहेरच उभा म्हणून त्याचा स्विच दाबलेला, त्यामुळे बीला बाहेर जा हा सिग्नल सुटलाच नव्हता, वर आत ये हा पण आला, मग स्पूल हलणार कसा. एका वेळी एकाच ग्रुपला वीज मिळेल असे स्ट्रोकचे ग्रुप पाडून रिले लॅच केला (सिग्नल गेला तरी चालू राहील असा जोडला) आणि चारही स्ट्रोक सलग झाले. तुम्ही डब्याचं झाकण लावलंत आणि म्हणालात, "परत एकदा चालवा." मी पाच-सहा वेळा तरी चालवलं असेल, तुम्ही दर वेळी तितक्याच लक्षाने बघत होतात.

आणि आमच्या बॅचमधल्या एकाकडून प्रॉक्सिमिटी सेन्सर (वस्तू जवळ आली की सिग्नल देणारा) जळला तेव्हाचं पण. तो घामाघूम झाला होता, त्याच्या कॉलेजात ब्रेकेज पालकांकडून घ्यायचे. तुम्ही कोणी केलं विचारलंत नाही, रजिस्टरमध्ये "सरावात निकामी" लिहिलंत आणि त्यालाच नवीन जोडायला दिलात. पीएनपी आणि एनपीएन या सेन्सरच्या दोन प्रकारांच्या जोडणीतला फरक त्या पोराइतका पक्का कोणाला माहीत नसेल.

तुम्हीच सांगितलं होतं की 1968 साली जनरल मोटर्सला रिलेच्या पॅनलऐवजी काहीतरी हवं होतं आणि त्यातून पुढे पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) आला, पण लॅडर, म्हणजे त्याचा प्रोग्रॅम लिहायची पद्धत, मुद्दाम रिलेच्या डायग्रामसारखाच ठेवला, कारण खाली काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनला तो वाचता आला पाहिजे. मला ते खूप आवडलं होतं. समोरच्याचा विचार करून वस्तू बनवणारी माणसं असतात, तसा विचार करून शिकवणारी पण असतात, आणि आपल्याकडे ती बहुतेक वेळा कमी पगारावर, पदनामात "सहाय्यक" लिहून, कुठल्यातरी लॅबमध्ये असतात. त्यांचा सत्कार होत नाही, प्रॉस्पेक्टसमध्ये फोटो नसतो. ज्यांच्या हातात पोरांची वर्षं असतात त्यांनी एवढा चांगुलपणा दाखवला तरी पोरं सुटतात हो.

तुमच्या लॅबमधल्या क्रिम्पिंग टूलचा जबडा ढिला झालाय, फेरूल नीट दाबला जात नाही आणि तुम्ही दर वेळी पकडीने परत दाबता. नवीन घेतलंय पहिल्या पगारातून, पुढच्या शनिवारी घेऊन येते. नाही म्हणू नका.

तुमची,
बार्शीवाली