सोनीच्या प्रकल्पातलं 'मर्यादा' प्रकरण

लीड्स

चि. सोनी,
अनेक आशीर्वाद. जिभाऊंना आणि आक्कांना नमस्कार सांग.

सोशल मीडियाचा वापर आणि परीक्षेचे गुण यावरच्या तुझ्या प्रकल्पाचा मसुदा वाचला. मर्यादांच्या प्रकरणात "वेळ कमी, नमुना लहान" एवढंच आहे, ते पुरणार नाही. प्रत्येक मर्यादेपुढे लिही की तिच्यामुळे आकडा कोणत्या बाजूला झुकला असेल.

आधी शीर्षक बदल. 'सोशल मीडियाचा गुणांवर परिणाम' असं एकदाच भरून घेतलेल्या फॉर्मवरून म्हणता येत नाही; 'संबंध' म्हण. त्यातही तू गुण मागच्या सेमिस्टरचे घेतलेस आणि वापर आजचा विचारलास. म्हणजे गुण आधी, वापर नंतर. केटी लागल्यावर (विषय राहिल्यावर) मन उडून मोबाईल वाढला असेल, तरी तुझ्या तक्त्यात संबंध तसाच दिसेल.

तासांचे आकडे अंदाजाचे आहेत. नोट्स येतात त्या व्हॉट्सअॅप ग्रुपचा वेळ कोणी धरला, कोणी सोडला, कळत नाही. चूक दोन्हीकडे सारखी विखुरलेली असेल तर संबंध खरा असतो त्याहून कमजोर दिसतो. पण कमी गुणांची पोरं अपराधी वाटून तास वाढवून सांगत असतील, तर तोच फुगतो. निदान 30 जणांकडून फोनमधल्या डिजिटल वेलबीइंगमधली (फोन स्वतःच मोजतो त्या वापराच्या वेळेची) 7 दिवसांची नोंद घे आणि त्यांच्या उत्तरांशी ताडून बघ.

लिंक वर्गाच्या ग्रुपवर टाकलीस, म्हणून मोबाईल क्वचित बघणारे गळलेच असतील. वापराचा पल्ला असा आखूड झाला की सहसंबंधही (दोन गोष्टी किती जुळून बदलतात त्याचा आकडा) सहसा आखडतो.

120 जणांवर तुझा सहसंबंध उणे 0.20 आला आहे. त्याचा 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा ज्या पल्ल्यात असण्याची शक्यता धरतात तो) साधारण उणे 0.37 ते उणे 0.02, म्हणजे शून्याला जवळजवळ टेकलेला. उणे 0.20 चा वर्ग केला तर 0.04: गुणांतल्या फरकापैकी जेमतेम 4 टक्के वापराशी जुळतो. मसुद्यातल्या "महत्त्वपूर्ण" या शब्दाशेजारी हा आकडा असलाच पाहिजे.

आणि एसटी! यावल-चोपड्याहून जळगावला येणारी पोरं बसमध्ये मोबाईलच बघतात, आणि त्याच प्रवासामुळे त्यांचा अभ्यासाचा वेळ जातो. दोष मोबाईलचा की अंतराचा, हे तुझ्या फॉर्मवरून कळत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत कामाला जाणाऱ्यांचंही तसंच.

रोल नंबर घेतला आहेस (त्यानेही उत्तरं थोडी सावध झाली असतील, तेही लिही), तेव्हा त्याच 120 जणांना दोन प्रश्न पुन्हा पाठव: एका बाजूच्या प्रवासाला किती मिनिटं, आणि आठवड्याला काम किती तास. ते रकाने जोडून तक्ता मला पाठव.

तुझा,
दादा