पाळणाघराची फी, बाबांचा हिशेब आणि एप्रिलचं तिकीट

नेपरव्हिल, शिकागोजवळ,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांना
शि. सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेला कागदाचा फोटो मिळाला. वहीच्या पानावर मधोमध रेघ, डावीकडे "पाळणाघर १७०० × ६", उजवीकडे "१०,२०० डॉलर" आणि खाली दोनदा अधोरेखित केलेलं "वाचतील". म्हणजे एप्रिलपासून सहा महिने माझ्या ईराला तुम्ही दोघं सांभाळणार आणि आम्ही तिचं पाळणाघर बंद ठेवायचं. एसटीच्या लेखाशाखेत जन्म काढलेल्या माणसाची बेरीज चुकायची नाही, तशी ती चुकलेलीही नाही. पण उत्तर फोनवर दिलं नाही, कारण फोनवर तिसऱ्या वाक्याला तुम्ही "म्हणजे कसं?" म्हणता, तेवढ्यात आई फोन ओढून घेते, मग ईरा स्क्रीनला नाक लावते आणि विषय भडंगावर जातो. आत्ता ती झोपलीये. गेल्या रविवारी हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे केल्यापासून इथे साडेचारलाच दिवेलागण होते, त्याच्या आत हे पत्र संपवायचंय.

घाई अशी की येत्या शुक्रवारपर्यंत मला ऑफिसच्या पोर्टलवर एक आकडा पक्का करायचाय. एकदा भरला की पुढचं अख्खं वर्ष तो सहसा बदलत नाही. आणि तुम्ही एप्रिलमध्ये येणार की नाही, आलात तर ईराचं डेकेअर चालू ठेवायचं की बंद, हे सगळं त्या आकड्यात येतं. तुमचं तिकीट निघायच्या पाच महिने आधी मला ते माहीत असावं, अशी इथल्या कायद्याची अपेक्षा.

तर त्या खात्याबद्दल. बाबा, माझ्या पगाराच्या स्लिपवर "डीसीएफएसए" म्हणून कपात दिसते, ती पतपेढीची आहे का, असं तुम्ही विचारलं होतं. नाही. त्याचं पूर्ण नाव डिपेंडंट केअर फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट. तेरा वर्षांच्या आतल्या मुलाला सांभाळायचा खर्च या खात्यातून भागवता येतो. मी वर्षाचा आकडा ठरवायचा, तो पगारातून हप्त्याहप्त्याने कापला जातो, आणि मुख्य म्हणजे कर लागायच्या आधी कापला जातो. मी डेकेअरची फी भरायची, पावती चढवायची, की खात्यातले पैसे माझ्या बँकेत परत येतात. माझाच पैसा फिरून मलाच मिळतो, फक्त वाटेत सरकार हात घालत नाही.

फायदा किती? आमच्या पगाराच्या वरच्या टप्प्यावर केंद्राचा आयकर २२ टक्के. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर या सरकारी कपाती मिळून ७.६५. इलिनॉय राज्याचा ४.९५. बेरीज ३४.६ टक्के. एका घराला वर्षाला ५,००० डॉलरपर्यंतच हे करता येत होतं. नवरा-बायको दोघांच्या ऑफिसात सोय असली तरी मिळून तेवढेच. ही मर्यादा १९८६ साली ठरली. २०२१ मध्ये कोविडपायी एका वर्षापुरती १०,५०० केली होती, नाहीतर एवढी वर्षं ती जागची हलली नव्हती. माझ्या जन्माच्याही आधीचा आकडा माझ्या लेकीच्या पाळणाघराला लावत होते! आता या जुलैत कायदा बदलला आणि २०२६ पासून मर्यादा ७,५०० झाली. आमच्या कंपनीने ती लागू केलीये. म्हणजे पुढच्या वर्षी २,५९५ डॉलर कर वाचेल. आईला रुपयांत सांगा, सव्वादोन लाखांच्या वर.

तुमच्या ८०सीची आठवण होईल, पण एक फरक आहे आणि तोच जीवघेणा आहे. पीपीएफमध्ये टाकलेलं आपलंच राहतं. या खात्यातलं वर्षअखेरपर्यंत वापरलं नाही तर ते गेलं. पुढच्या वर्षात ओढता येत नाही. काही कंपन्या मार्चच्या १५ तारखेपर्यंत सवलत देतात, आमची देत नाही. दवाखान्याच्या खर्चासाठी असंच दुसरं खातं असतं. त्यात वर्षाची पूर्ण रक्कम पहिल्याच दिवसापासून वापरता येते, आईच्या भिशीत पहिला नंबर लागावा तशी. पाळणाघराचं खातं मात्र रिकरिंगसारखं, जेवढं साठलं तेवढंच हातात. जानेवारीत १,७०० फी जाते आणि खात्यात दर दोन आठवड्यांनी पडतात २८८ डॉलर ४६ सेंट. बाकीचे मागून झिरपत येतात.

आता जे दोन वर्षं सांगितलं नव्हतं ते सांगते. बाबा, चहा पिऊन मग वाचा.

२०२३ मध्ये ईरा झाली तेव्हा बाळंतपणाच्या सुट्टीतच मी ५,००० चा आकडा भरून टाकला. मूल झालं की महिनाभरात खातं उघडायची मुभा असते. डेकेअरवाल्यांनी सप्टेंबरपासून जागा देतो म्हणून सांगितलं होतं. तान्ह्या मुलांच्या वर्गाची फी तेव्हा महिना २,०००. चार महिन्यांचे आठ हजार होतात, पाच सहज संपतील असा हिशेब. पण जागा मिळाली १ नोव्हेंबरला. मधले दोन महिने कोणी काढले ते तुम्हांला माहीत आहे. दसऱ्याला घरी पोचायचं म्हणून काढलेलं तिकीट तुम्ही पुढे ढकललंत, त्याचा दंडही बाबांनी स्वतःच्या कार्डावर भरला आणि मला रक्कम शेवटपर्यंत कळू दिली नाही.

नोव्हेंबर-डिसेंबरचे झाले चार हजार. एक हजार उरले. मी स्वतःला फार हुशार समजून २८ डिसेंबरलाच जानेवारीची फी भरली आणि पावती चढवली. तीन दिवसांत उत्तर आलं: नामंजूर. पैसे कधी भरले याला महत्त्व नाही, मूल कधी सांभाळलं ते बघतात. जानेवारीचा सांभाळ जानेवारीत. हजार डॉलर बुडाले. जागा लांबली हे सप्टेंबरातच एचआरला कळवलं असतं तर आकडा कमी करून मिळाला असता, हे मला फेब्रुवारीत कळलं.

निखिलने नंतर कागदावर मांडून दाखवलं की तरी आपण तोट्यात नाही. पाच हजारांवर १,७३० कर वाचला, त्यातून हजार गेले, ७३० उरले. मी जरा सावरले. मग त्यालाच आठवलं की हे खातं नसतं तर एका मुलामागे ३,००० च्या खर्चावर २० टक्के सूट करात थेट मिळाली असती, म्हणजे ६००. दोन्ही एकदम घेता येत नाहीत. खरा फायदा १३० डॉलर. एवढ्यासाठी वर्षभर पावत्या सांभाळल्या! तुम्ही असता तर पहिल्याच रात्री हे काढून दाखवलं असतं, म्हणूनच सांगितलं नव्हतं.

कर भरताना याचा एक फॉर्म असतो, २४४१ नंबरचा. त्यात मूल सांभाळणाऱ्याचं नाव, पत्ता, कर-क्रमांक आणि त्याला दिलेली रक्कम लिहायची. त्या वर्षी मी डेकेअरचं नाव लिहिलं, ४,००० लिहिले आणि पुढच्या रिकाम्या ओळीकडे बघत बसले. मे ते नोव्हेंबर ज्यांनी सांभाळलं त्यांच्यासाठी लिहिण्यासारखं काहीच नव्हतं. शेजारची बाई तेव्हा म्हणाली होती, आजी-आजोबांना पैसे दिलेले दाखवता येतात. खरंय, ते आपल्यावर अवलंबून नसतील तर चालतं. पण ते इथल्या आजी-आजोबांचं. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसाला काम करून पैसे घेता येत नाहीत. हे आईला सांगितलं तेव्हा ती हसून म्हणाली होती, "नातीला न्हाऊ घालायचे पैसे? मग तुझे राहिलेत आधी."

आई, तुझी ती लाल वही अजून स्वयंपाकघराच्या खणात आहे. "१ वा. मऊ वरणभात, तूप. १.३० झोपली. ३ ला उठली, रडली नाही. बाबांनी फिरवलं, खिडकीतून ट्रक दाखवला." आता हेच डेकेअरचं ॲप पाठवतं, फोटोसकट. रडल्याचं मात्र लिहीत नाहीत.

त्या वहीचं एक पान मी परवा पुन्हा वाचलं. ऑगस्टचं आहे. ईराच्या झोपेच्या नोंदीखाली तू बारीक अक्षरात लिहिलंयस, "ह्यांचा गुडघा. शेक दिला. मनूला सांगायचं नाही." मनूला दोन वर्षांनी कळलं.

तुम्ही सहा महिने इथे होतात आणि काय बघितलंत? आमची सोसायटी, समोरचं तळं, इंडियन ग्रोसरी. फुटपाथ संपला की पुढे गाड्यांचा रस्ता, त्यामुळे पायी कुठे जायची सोय नाही. बाबा, स्वामी विवेकानंद १८९३ साली शिकागोत जिथे बोलले ती इमारत अजून उभी आहे, आता तिथे आर्ट इन्स्टिट्यूट आहे आणि बाहेरच्या रस्त्याला त्यांचं नावही दिलंय. आमच्या स्टेशनवरून मेट्राच्या लोकल गाडीने तासाभराच्या अंतरावर. तुम्ही सांगलीहून निघताना तेवढी एकच गोष्ट बघायची म्हणाला होतात. सहा महिन्यांत एक रविवार आम्हांला मिळाला नाही. मिळाला नाही की आम्ही काढला नाही, ते तुम्हीच ठरवा.

म्हणून तुमच्या कागदावरचे १०,२०० मला वाचवायचे नाहीत. हिशेबानेही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल पोरगी भावनेवर बोलते. ईराला सहा महिने काढलं तर तिची जागा जाते, वेटिंग लिस्ट वर्षभराची आहे, आणि ऑक्टोबरात तुम्ही गेलात की आम्ही पुन्हा २०२३ मध्ये. शिवाय सहा महिने डेकेअर बंद ठेवलं तरी उरलेल्या सहा महिन्यांचेच १०,२०० होतात, म्हणजे ७,५०० संपणारच. तुम्ही या, नका येऊ, या वेळी पैसे बुडायची भीती नाही. त्यामुळे मी विचारायला नाही, सांगायला लिहितेय: आकडा परवाच भरला. ७,५००, पूर्ण. शुक्रवारपर्यंत बदलता येईल, पण बदलणार नाही.

सगळ्यांनाच हे जमतं असं नाही. खालच्या मजल्यावरची आपली नागपूरची मुलगी आठवते ना, जिने आईला पुडाच्या वड्या दिल्या होत्या? ती एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या आधाराने इथे आहे, कामाचा परवाना नाही. या खात्यासाठी दोघंही कमावते लागतात, नाहीतर कोणीतरी पूर्णवेळ शिकत असावं लागतं. तिच्या नवऱ्याच्या ऑफिसात सोय आहे, पण उपयोग शून्य. बायको घरीच तर आहे, असा कायद्याचा सूर. आणि आमच्या ऑफिसची सफाई करणाऱ्या बाईला दोन मुलं आहेत, तिच्या पगारावर आयकर जेमतेम लागतो, मग तिचा वाचणार किती? जास्त पगार तितका जास्त फायदा, अशी ही उलटी गंगा आहे. मी त्यात हात धुऊन घेते, पण चांगली योजना म्हणवत नाही.

तर एप्रिलचं तिकीट काढा. बाबांच्या गुडघ्यासाठी मधल्या रांगेच्या कडेची सीट घ्या आणि व्हीलचेअर आधीच सांगून ठेवा, लाजू नका. सकाळी साडेआठला ईरा डेकेअरला जाईल, साडेचारला तिला आणायला तुम्ही हवं तर निखिलबरोबर गाडीत बसा. मधला दिवस तुमचा. दर बुधवारी मी घरून काम करते, त्यातले दोन बुधवार रजा टाकून ठेवतेय. ओहेअर विमानतळावर इमिग्रेशनवाल्याने विचारलं की कशासाठी आलात, तर मागच्यासारखं "फिरायला" म्हणा. या वेळी ते खरं असेल.

ईरा उठली. हाका मारतेय.

तुमची,
मनू

ता. क. आई, येताना भडंग दोन किलो पुरे, पाच नको. आणि लाल वही संपत आलीये, पण नवी आणू नकोस.